विकत घेतलेले पाणी

चळवळीचे व्याख्यान म्हटले की आपल्याला वक्ता आठवतो. भाषण ग्रंथांत छापले जाते, त्याची तारीख पाठ होते. जागा कुणी दिली, पाणी कुठून आले, लोक कसे पोहोचले, जेवायला कुठे बसले, हे सारे ‘व्यवस्था’ या एका शब्दात गुंडाळून बाजूला ठेवले जाते. माझे म्हणणे असे की एखादी रूढी मोडायला निघालेल्या चळवळीची सभा भरवणे हीच त्या रूढीशी पहिली झटापट असते, आणि वक्ता बोलायला उभा राहण्यापूर्वीच ती सुरू झालेली असते. याचा सर्वांत ठसठशीत पुरावा महाडला, १९२७ साली मिळतो.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला भरली ती कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. नावाप्रमाणेच ती एका जिल्ह्याची, स्थानिक कार्यकर्त्यांनी उभी केलेली सभा होती. दासगावचा चोविशीतला तरुण रामचंद्र बाबाजी मोरे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अध्यक्ष म्हणून यावे यासाठी खटपट करत होता. सुरबानाना टिपणीस आणि अनंतराव चित्रे यांच्यासारखे सवर्ण सहकारी सोबत होते. कायद्याच्या बाजूने पाहिले तर वाट मोकळी होती. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ मध्येच मंजूर केला होता आणि त्यानुसार महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठरावही केला होता. तरीही कोकणातल्या खेड्यापाड्यांतून भाकऱ्यांची गाठोडी घेऊन पायी आलेल्या लोकांना प्यायला देण्यासाठी परिषदेच्या चालकांना चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. गावात तळे भरलेले, ते खुले असल्याचा ठराव दप्तरात, आणि परिषदेच्या खर्चात पाण्याचे पैसे! अन्यायाचे याहून नेमके वर्णन कुठल्याही व्यासपीठावरून करता आले नसते. दुसऱ्या दिवशी चित्र्यांनी तळ्यावर जाण्याची सूचना मांडली आणि सारी सभा तिकडे निघाली, याचे मला म्हणूनच नवल वाटत नाही. तहान ही त्या सभेत चर्चेचा विषय नव्हती, ती प्रत्येकाच्या घशाला होती.

पुढे जे घडले तेही याच दिशेने बोट दाखवते. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि जमाव परिषदेच्या मांडवावर चालून आला. तिथे काही प्रतिनिधी जेवत होते. त्यांना मारहाण झाली, अन्न मातीत मिसळले गेले. हल्लेखोरांना सभेतले ठराव झोंबले असतीलच, पण घाव पडला तो पंगतीवर. त्या घटकेला काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला.

डिसेंबरमध्ये सत्याग्रहासाठी पुन्हा जमायचे ठरले तेव्हा विरोधकही शहाणे झाले होते. नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला होता. मांडवासाठी हिंदूंपैकी कुणी जागा देईना. ती दिली फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने. महाडचे व्यापारी माल देणार नाहीत म्हणून शिधा बाहेरून आणून साठवावा लागला. आंबेडकर मुंबईहून बोटीने दासगावच्या बंदराला उतरले आणि तिथून महाडला गेले. जमीन, धान्य, वाहन, यांतली प्रत्येक गोष्ट मिळवताना बहिष्काराच्या साखळीची एकेक कडी उघडी पडत गेली. त्या मांडवातच २५ डिसेंबरला गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले.

यावर कुणी म्हणेल, हे सगळे खरे, पण आंबेडकर नसते तर? आंबेडकरांवाचून महाड झाले नसते हे निर्विवाद आहे. पण त्याच वेळी हेही खरे की ऐकायला आलेल्या माणसांना दोन दिवस तिथे टिकवून धरणारी तयारी झाली नसती, तर त्यांच्या शब्दाला कृतीची साथ देणारा समुदायच समोर नसता. दुसरा आक्षेप आजचा आहे: आता भाषण घरबसल्या फोनवर ऐकता येते, मग हॉल, खुर्च्या, पत्रकांचा खटाटोप कशाला? माहिती पोहोचवणे एवढाच हेतू असेल तर फोन पुरेसा आहे, हे मी मान्य करतो. पण सभेला जागा देण्यास कोण नकार देतो, कोण आपले अंगण मोकळे करतो, शेजारी बसून कोण जेवतो, हे पडद्यावर कळत नाही, आणि गावपातळीच्या चळवळीला नेमके तेच कळावे लागते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशा सभांना पटलेलेच लोक येतात, नवा माणूस जोडला जात नाही. महाडला आलेल्यांना आपल्यावर अन्याय होतो हे सांगायची गरज नव्हती, हे उघड आहे. पण आंबेडकरांनी मार्चच्या भाषणात त्यांच्यापुढे ठेवले ते त्यांच्याच जगण्यातले बदल: मेलेल्या जनावराचे मांस सोडा, मुलांना शिकवा, जमीन कसा. डिसेंबरमध्ये न्यायालयाच्या मनाई हुकुमामुळे सत्याग्रह पुढे ढकलावा लागला, तेव्हा नाव नोंदवून बसलेल्या हजारोंना थांबायला राजी करणे हे भाषणाइतकेच अवघड काम होते, आणि ते पार पडले ते ती माणसे एकाच मांडवाखाली असल्यामुळे. तळ्याचा खटला मात्र चालूच राहिला; मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ च्या मार्चमध्ये अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला, म्हणजे पहिल्या परिषदेला पुरी दहा वर्षे होत असताना.