पाषाणाबरोबर जाणारा माणूस

बेल्जियममधील अँटवर्प हे हिऱ्यांचे शहर आपल्या समाजाला परके नाही. पालनपूरकडील जैन व्यापारी तेथे स्थिरावले आणि विलरेक भागात त्यांनी शंखेश्वर पार्श्वनाथांचे शिखरबद्ध मंदिर उभारले. २०१० मध्ये तेथे प्रतिष्ठा झाली. मंदिराचा संगमरवर भारतात कोरून नेलेला आहे. दर्शन घेऊन आलेले यात्रेकरू शिखराचे वर्णन करतात, दात्यांची नावे सांगतात; ते पाषाण तेथे जाऊन कोणी बसवले, हे मात्र क्वचितच कानी येते.

परदेशातील असे मंदिर एका अर्थी दोनदा बांधले जाते. सोमपुरा स्थपतींच्या आराखड्यानुसार पिंडवाडा, मकराणा यांसारख्या ठिकाणी स्तंभ, तोरणे, घुमटाचे थर कोरले जातात. पुष्कळदा मोठे भाग तेथेच जुळवून पाहतात. मग प्रत्येक खंडावर क्रमांक घालून पेट्या भरल्या जातात. लंडनच्या नीसडन येथील स्वामिनारायण मंदिराचे (१९९५) २६,३०० खंड असेच भारतातून गेले होते. पाया स्थानिक अभियंते घालतात, कारण तेथील नियम आणि थंडीत गोठणारी जमीन त्यांच्या परिचयाची असते. त्यानंतर निवडक कारागिरांची तुकडी रवाना होते. खंड क्रेनने उचलायचा, सांधा पाहायचा, वाटेत कोर उडाली असेल तर तेथेच छिन्नी चालवायची. अँटवर्पला डिसेंबरात सूर्य पावणेपाचच्या आत मावळतो. चौविहार पाळणाऱ्यास भोजन लवकर उरकावे लागते, एवढेच. पण थंडगार संगमरवरावर बोटे बधिर झालेल्या राजस्थानी कारागिराला दिवसाचा उजेड जेमतेम आठ तास मिळतो.

थंडी आणि कारागीर हा विषय आपल्याकडे जुनाच आहे. आबूवर लूणवसही उभी राहत असताना काम रेंगाळू लागले, तेव्हा तेजपालांच्या पत्नी अनुपमादेवी यांनी कारागिरांसाठी शेकोट्यांची आणि तयार भोजनाची व्यवस्था करवली, असे परंपरा सांगते. धनाढ्य घरातील त्या स्त्रीने हिशेबाच्या वहीपेक्षा कारागिराचे गारठलेले हात आधी पाहिले, हे मला त्या मंदिराच्या नक्षीइतकेच मोलाचे वाटते.

आज या व्यवस्थेला कागदपत्रांची जोड हवी. बँकेत आयुष्य गेल्यामुळे माझी दृष्टी तिकडेच वळते. परदेशी निघालेल्या मालाचा सागरी विमा उतरवणे कोणताही व्यापारी विसरत नाही. त्या मालामागून जाणाऱ्या माणसाचे काय? ज्याच्या पारपत्रावर ईसीआर शेरा आहे, त्याला आखाती देशांसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी परवानगी आणि प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये (कर वेगळा) आणि संरक्षण १० लाखांचे. बेल्जियम, ब्रिटन, अमेरिका त्या यादीत नाहीत. म्हणजे तेथे जाणाऱ्या कारागिराच्या विम्याचा विचार विश्वस्तांनी आपण होऊन करायचा. बेल्जियमशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार १ सप्टेंबर २००९ पासून लागू आहे. भारतीय मालकाने पाठवलेल्या कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी त्यामुळे पाच वर्षांपर्यंत येथेच चालू राहू शकतो. पण त्यासाठी तो मुळात निधीचा सभासद असावा लागतो. नगावर मजुरी घेणाऱ्याला या कराराचा उपयोग काय?

व्हिसाचा प्रकारही तपासावा. अमेरिकेत एका मंदिराच्या बांधकामावर धार्मिक कार्यकर्ते म्हणून गेलेल्या भारतीय कारागिरांनी अल्प वेतनाबद्दल २०२१ मध्ये न्यायालयात दाद मागितली. संस्थेने आरोप नाकारले. पुढे काहींनी दावा मागेही घेतला. त्या वादात शिरण्याचे आपल्याला कारण नाही. मात्र श्रावक स्वेच्छेने करतो ती सेवा. घर चालवण्यासाठी सातासमुद्रापार गेलेल्या माणसाचे काम ही नोकरी होय. करार त्याला समजणाऱ्या भाषेत असावा आणि त्यात कामाचे तास, वेतन, सुट्टी व परतीचे तिकीट स्पष्ट नोंदलेले असावे. पारपत्र त्याच्याच ताब्यात राहावे.

राहिली रक्कम घरी पाठवण्याची गोष्ट. परदेशी नोकरीवर जाणाऱ्यास अनिवासी (एनआरई) खाते उघडता येते आणि त्यावरील व्याजास येथे आयकर लागत नाही. निघण्यापूर्वीच पत्नीच्या किंवा वडिलांच्या नावे त्या खात्याचे मुखत्यारपत्र करून द्यावे. घरखर्चाला पैसे काढण्यासाठी त्यांना कोणाची मनधरणी करावी लागणार नाही.