नोंदवहीची चळवळ

पुणे जिल्ह्यातल्या मावळात, नवलाख उंबरे गावच्या शिवारात कारखाने आले आणि जवळच आंबीला महाविद्यालये. जमीन, पाणी, रोजगार हे प्रश्न इथल्या विद्यार्थ्याला फाटकाबाहेर पाऊल टाकताच भेटतात. त्याने त्यांचे काय करावे? पुण्यात काम करणाऱ्या ‘कल्पवृक्ष’ संस्थेचा इतिहास याचे उत्तर देतो. दिल्लीतल्या रिज या टेकड्यांवरचे जंगल वाचवण्यासाठी १९७९ साली शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींनी ती सुरू केली. घोषणा त्यांनीही दिल्या, पण त्यांचे खरे बळ पायपिटीत होते. १९८३ मध्ये हिंदू कॉलेजच्या नेचर क्लबसोबत ही मंडळी नर्मदेच्या खोऱ्यात फिरली. धरणांनी काय बुडेल, कोण उठेल, हे पाहून-विचारून त्यांनी अहवाल लिहिला. मेधा पाटकर खोऱ्यात पोचल्या त्या १९८५ मध्ये, म्हणजे ही नोंद त्यांच्या नर्मदा बचाव आंदोलनाच्या आधीची. विद्यार्थ्यांच्या चळवळीचे मोल मला इथेच दिसते: प्रश्न मोठा होण्याआधी तो नीट लिहून ठेवणे.

विद्यार्थी तीन-चार वर्षांत निघून जातो, मग त्याचे काम टिकणार कसे, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच नोंद हवी. माणसे बदलली तरी वही पुढच्या हाती जाते. दुसरे म्हणणे असे की, पर्यावरण आता अभ्यासक्रमात आहेच. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तसा आदेश दिला, पुढे पदवीला हा विषय सक्तीचा झाला आणि त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरक भरुचा यांनी लिहिले. पण गावची विहीर मोजल्याशिवाय त्या पुस्तकातला पाण्याचा धडा पुरा होत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप पोटापाण्याचा आहे: शहरी मुलांनी गावाचा रोजगार का अडवावा? अडवू नयेच. भीमाशंकर अभयारण्यातल्या येळवली गावात ‘कल्पवृक्ष’ने जंगलाबरोबर लोकांच्या वनहक्कांचाही विचार केला, तो याच जाणिवेने. मात्र रोजगाराचाही हिशेब ठेवावा लागतो. इथलाच, तळेगावचा जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला आणि २०२० च्या अखेरीस तिथले उत्पादन थांबले. पुढे तो ह्युंदाईने घेतला. मालक बदलतो, कामगार घरी बसतो, पण शेतीतून गेलेली जमीन पुन्हा शेत होत नाही. कारखान्याआधी इथे कोणती पिके होती, ओढ्याला पाणी कुठवर टिके, नोकऱ्या कोणाला मिळाल्या, हे आज सांगू शकणारी माणसे गावात आहेत. त्यांच्याकडे वही घेऊन जाण्याइतके जवळ मावळातल्या विद्यार्थ्यांखेरीज दुसरे कोण आहे?