ठिपके, घड्या आणि पहिले गणित

तीन ते आठ वर्षांच्या मुलांना चित्र, कातरकाम, मातीकाम आणि ठसेकाम यांतून गणिताची पहिली ओळख करून देणे ही आज बालशिक्षणातली मान्य पद्धत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या पाच वर्षांना पायाभूत स्तर मानले आणि खेळ, कृती व कला यांच्या साथीने शिकवण्यावर भर दिला. २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचाही सूर तोच आहे. पण ही पद्धत वर्गात उतरते तेव्हा बरेचदा तिचे टरफल तेवढे उरते. दोनाच्या आकड्याला चोच काढून बदक करायचे, छापील पाचात रंग भरायचा आणि त्याला कलेतून गणित म्हणायचे. अशाने दोन म्हणजे किती हे मुलाला कळत नाही आणि चित्रही त्याचे स्वतःचे राहत नाही. आकड्याचे वळण हातात बसायला थोडी मदत होते, एवढेच.

कृती निवडताना एकच प्रश्न विचारावा. ती पुरी करायला मुलाला मोजावे, जुळवावे, तुलना करावी लागते का? लागत असेल, तर गणित त्या कामाच्या आतच आहे. नसेल, तर ते वरून चिकटवलेले आहे.

या वयाचे गणित नेमके काय असते, हे आधी पाहायला हवे. चार वर्षांचे मूल वीसपर्यंत घडाघडा म्हणते म्हणून त्याला मोजता येते असे नाही. रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मधल्या आपल्या पुस्तकात मोजण्यामागची पाच तत्त्वे मांडली. एका वस्तूला एकच संख्यानाम द्यायचे. नावांचा क्रम दर वेळी तोच ठेवायचा. शेवटी उच्चारलेली संख्या म्हणजे एकूण वस्तू. कोणत्याही वस्तू मोजता येतात. आणि सुरुवात कुठूनही केली तरी उत्तर बदलत नाही. यातले तिसरे तत्त्व मुलांना उशिरा उमगते. ‘एक, दोन, तीन, चार, पाच’ असे मोजून झाल्यावर ‘मग किती आहेत?’ असे विचारले, तर बरीच मुले पुन्हा एकपासून मोजायला लागतात.

ही अडचण कलाकामातून सहज सुटते. घोटीव कागदाची साडी करायची आहे आणि तिच्यावर आखलेल्या प्रत्येक चौकटीत एक बुट्टा चिकटवायचा आहे, असे समजा. बुट्ट्यांची वाटी मुलाच्या हाताशी ठेवली, तर मूल एकेक उचलून चिकटवत जाईल. त्यात एकास एक जुळणी होते. तीच वाटी खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून ‘एकाच खेपेत लागतील तेवढेच आण’ असे सांगितले, की चौकटी मोजाव्या लागतात, ती संख्या लक्षात ठेवावी लागते आणि तेवढेच बुट्टे वेगळे काढावे लागतात. काम तेच, साहित्य तेच. वाटीची जागा तेवढी बदलली आणि मोजण्याला कारण मिळाले.

कला आणि गणित यांची ही सांगड जुनी आहे. फ्रीडरिश फ्रोबेल (१७८२–१८५२) या जर्मन शिक्षकाने १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. त्याआधी बर्लिनमध्ये त्याने स्फटिकशास्त्रज्ञ क्रिस्तियान वाइस याच्या हाताखाली खनिजसंग्रहालयात काम केले होते. स्फटिकांची नियमबद्ध रचना त्याच्या मनात पक्की बसली आणि पुढे त्याच्या खेळसाहित्यात ती उतरली. या साहित्याला तो ‘भेटी’ म्हणत असे. पहिल्या भेटीत सहा रंगांचे लोकरीचे चेंडू, दुसरीत लाकडी गोल, घन आणि दंडगोल, तिसरीत आठ लहान घनांचा मिळून झालेला एक मोठा घन. पुढे सपाट तुकडे, काड्या, कड्या येत आणि त्यांच्याबरोबर कागदाच्या घड्या, कागदी विणकाम, मातीकाम अशी हातकामे असत.

फ्रोबेलची खरी सूक्ष्म दृष्टी दिसते ती या साहित्याच्या वापरात. त्याच आठ घनांतून मूल आधी खुर्ची किंवा घर रचते, ही ‘जीवनरूपे’. मग तेच घन मध्यबिंदूभोवती सरकवत नक्षी करते, ही ‘सौंदर्यरूपे’. आणि तेच घन चार-चार, दोन-दोन असे वेगळे करून पुन्हा एकत्र आणते, ही ‘ज्ञानरूपे’. रचना मोडून घन पसरून टाकायचे नाहीत, एकेक घन हलवत एका रूपातून दुसऱ्या रूपात जायचे, असा दंडक होता. म्हणजे आठ ही संख्या घराच्या भिंतीत, नक्षीच्या पाकळ्यांत आणि दोन चारांच्या बेरजेत मुलाच्या हाताखालून जात असे. अमेरिकी वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांना लहानपणी आईने हे साहित्य दिले होते आणि त्याचा आपल्या कामावर झालेला परिणाम त्यांनी आत्मचरित्रात आवर्जून नोंदवला आहे.

या परंपरेचा एक धागा भारतातही आहे. टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये मद्रासहून कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्याची कल्पना किंडरगार्टनच्या घडीकामावरून सुचल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी या पुस्तकाची दखल घेतली आणि १९०१ मध्ये त्याची अमेरिकेत आवृत्ती निघाली.

महाराष्ट्रात हा विचार गोरगरिबांच्या अंगणापर्यंत नेला तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. १९५७ पासून ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीचे महागडे लाकडी साहित्य आदिवासी पाड्यांवर परवडण्यासारखे नव्हते. त्या जागी बिया, शिंपले, खडे, पाने आली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच मुलाच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी जन्मली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शिंपल्यांची नक्षी मांडणारे मूल वर्गीकरण, क्रम आणि मोजणी तिन्ही करते, आणि त्यासाठी पैसा लागत नाही, हे या दोघींनी कित्येक दशकांपूर्वीच दाखवून दिले. आजही महाग संच विकत घेण्याआधी कोसबाडचा हा अनुभव आठवावा.

मराठी घरात तर गणिताची एक भरलेली पाटी दारातच असते: ठिपक्यांची रांगोळी. तिचे ठिपके सरळ ओळींत येतात किंवा ‘मधले’, म्हणजे वरच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये खालचा एक, असे येतात. तीन-चार वर्षांच्या मुलाला तीन ओळी, तीन ठिपके एवढे पुरे. ठिपका दिला की संख्या म्हणायची. बोट, आवाज आणि ठिपका एकत्र चालतात. पाच वर्षांच्या मुलाला ‘पाच ते तीन’ मधले ठिपके देता येतात: तीन, चार, पाच, चार, तीन. खालची ओळ वरच्या ओळीपेक्षा एकाने मोठी आणि मधल्या ओळीनंतर एकाने लहान, हे मुलाच्या डोळ्यांना आधी कळते, शब्दांत नंतर येते. एक ठिपका चुकला तर पाकळी जुळत नाही. चूक दाखवायला बाईंची गरज पडत नाही, रांगोळीच ती दाखवते.

पहिली-दुसरीत याच ठिपक्यांतून आणखी पुढे जाता येते. एकपासून पाचपर्यंत चढत जाऊन पुन्हा एकपर्यंत उतरणारे मधले ठिपके मांडले, की एकूण पंचवीस होतात. एवढ्या लांब बेरजेला मुले कंटाळतात. मग कागद जरा तिरका धरून पाहायला सांगावे. पाच-पाच ठिपक्यांच्या पाच ओळी समोर येतात. तेच ठिपके, मोजायची दिशा वेगळी, उत्तर तेच. पाढ्यांमधल्या पाचा पाचा पंचवीसला इथे रूप मिळते.

रांगोळीत आणि घडीकामात सममिती भेटते. कागद दुमडून कडेने अर्धे फूल कापायचे आणि उलगडायचे, हा प्रत्येक बालवाडीत होणारा प्रकार आहे; पण उलगडण्याआधी ‘आत काय निघेल?’ हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. अंदाज बांधणे हाच त्यातला गणिताचा भाग. चौरस घोटीव कागद एकदा दुमडला की दोन भाग, पुन्हा दुमडला की चार. तिसऱ्या घडीला बहुतेक मुले सहा म्हणतात. उलगडून आठ भाग दिसले की त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. सहा-सात वर्षांच्या मुलांना आणखी एक कोडे घालता येते. एक चौरस मधोमध दुमडून कापायचा, तेवढाच दुसरा चौरस कोपऱ्याला कोपरा लावून कापायचा. एकातून आयत मिळतो, दुसऱ्यातून त्रिकोण. मोठा कोणता? दोन्ही अर्धेच असल्याने सारखे, हे पटायला वेळ लागतो. तुकडे पुन्हा कापून एकमेकांवर ठेवण्याइतका वेळ त्यांना द्यावा.

ठसेकाम आणि तोरण यांतून आकृतिबंध शिकता येतो. भेंडीच्या आडव्या कापात बहुधा पाच कप्पे असतात आणि ठसा उठल्यावर ते मोजता येतात. तोरणात दोन पाने, एक फूल, पुन्हा दोन पाने, एक फूल असा क्रम असतो. पुढे काय येईल, हे सांगणे सोपे. पुन्हा पुन्हा येणारा तुकडा नेमका कोणता, हे ओळखणे अवघड आणि अधिक मोलाचे. तोच क्रम टाळ्या-चुटक्यांत वाजवायला सांगितला की मूल पानाफुलांपलीकडची रचना पकडते.

मातीकामात प्रमाणाचा प्रश्न येतो. दोन सारखे गोळे करून एकाचा लांब साप केला, तर सापात माती जास्त आहे असे लहान मुले ठामपणे सांगतात. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी हे दाखवून दिले होते. इथे मुलाला चूक म्हणून उपयोग नसतो. सापाचा पुन्हा गोळा करू द्यावा आणि असे अनेकदा घडू द्यावे.

आकारांच्या बाबतीत वारली चित्रे फार मोलाची आहेत. डच शिक्षक पिएर आणि डिना व्हान हीले यांनी १९५७ मध्ये भूमितीच्या आकलनाच्या पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर मूल आकार गुणांवरून ओळखत नाही, सवयीच्या चित्रावरून ओळखते. म्हणून पाया सपाट असलेला त्रिकोण त्याला त्रिकोण वाटतो आणि टोकावर उभा केला की वाटत नाही. वारली माणसाचे धड टोकाला टोक जोडलेल्या दोन त्रिकोणांचे असते, त्यातला वरचा नेहमी टोकावर उभा. वाकलेल्या, नाचणाऱ्या माणसांत तर त्रिकोण हव्या त्या दिशेला कलतात. अशी दहा माणसे काढलेल्या मुलाला तीन बाजू म्हणजे त्रिकोण, मग तो कसाही असो, हे हळूहळू उमगते. मात्र वारली चित्र म्हणजे आकारांचा सराव, असे मुलांना सांगू नये. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नचौक हा त्या समाजाचा विधी आहे. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणून जगापुढे ठेवली, हेही मुलांच्या कानावर पडावे.

या सगळ्यात मोठ्यांचे बोलणे निर्णायक ठरते. ‘छान!’ म्हटले की काम संपते. ‘अजून किती लागतील?’, ‘हे इथेच का लावलेस?’, ‘दोन्ही बाजू सारख्या आहेत हे कसे ओळखलेस?’ असे विचारले की मूल आपल्या हाताने केलेले डोक्यात पुन्हा करते. भिंतीवर तीस मुलांची तीस एकसारखी फुलपाखरे लावलेली असतील, तर त्या दिवशी विचार एकट्या बाईंनीच केला असे समजावे. लेखी अंक यानंतर यावेत. चित्राच्या मागे ‘मी ६ पाने आणि ३ फुले वापरली’ अशी नोंद मुलाने स्वतः केली, की अंक म्हणजे आपण केलेल्या कामाची खूण आहे, हे त्याला कळते. अशा तारीख घातलेल्या कामांची फाईल पालकांना दाखवण्यासाठी परीक्षेच्या गुणांपेक्षा जास्त उपयोगी ठरते.

साहित्याबद्दल थोडे सावध राहायला हवे. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती मणी, चिंचोके, लहान खडे देऊ नयेत. ती तोंडात, नाकात घालतात. त्यांच्यासाठी बोटांचे ठसे, मोठी पाने, मळलेली कणीक पुरते. गुंजा दिसायला कितीही सुंदर असल्या तरी त्या विषारी असतात, त्यामुळे मोठ्या मुलांच्या नक्षीतही वापरू नयेत. कात्री बोथट टोकाची असावी आणि डावखुऱ्या मुलाला डाव्या हाताने चालणारी द्यावी. नाहीतर घडीवर नीट न कापल्याचा दोष सममिती न कळण्यावर जातो.