घटस्फोटाचे दफ्तर : इंग्लंडमधील न्यायालयीन नोंदी, त्यांचा शोध आणि त्यांचे वाचन

१

विवाहविच्छेदासाठी मराठीत रूढ असलेले शब्द तपासले तर त्यांचे दोन गट पडतात. ‘घटस्फोट’ आणि ‘काडीमोड’ हे शब्द कृतीचे आहेत. धर्मशास्त्रात घटस्फोट हा मूळचा पतिताला जातीबाहेर टाकण्याचा विधी. त्याच्या नावाने पाण्याचा घट लवंडावयाचा आणि तो आप्तांपुरता मेला असे मानावयाचे. काडीमोडीत काडी मोडून संबंध संपल्याचे दाखवावयाचे. याउलट ‘सोडचिठ्ठी’ आणि ‘फारकत’ हे शब्द कागदाचे आहेत. कृती साक्षीदारांच्या स्मरणात राहते आणि त्यांच्याबरोबर नाहीशी होते. कागद मात्र, दैवाने साथ दिली तर, दफ्तरात उरतो. चरित्रकाराचा आणि वाङ्मयेतिहासकाराचा संबंध येतो तो या उरलेल्या कागदाशी.

इंग्लंडात वास्तव्य केलेल्या भारतीयांची चरित्रे लिहिताना, किंवा इंग्रजी कादंबरीतील विवाहविषयक प्रश्नांचा आपल्याकडील कादंबरीशी तुलनात्मक अभ्यास करताना, ‘कौंटी कोर्टातून घटस्फोट मिळाला’ अशा प्रकारचे वाक्य वारंवार भेटते. हे न्यायालय कोणते, तेथील कागद कोठे मिळतात आणि त्यांवर कितपत विसंबावे, याची माहिती मराठीत एकत्रितपणे सहसा आढळत नाही. ती येथे थोडक्यात देण्याचा विचार आहे. इंग्लंड व वेल्स एवढ्यापुरतेच हे विवेचन मर्यादित आहे. स्कॉटलंडचा कायदा आणि तेथील दफ्तर स्वतंत्र आहे.

२

१८५८ पूर्वी इंग्लंडात विवाहाचे प्रश्न धर्मपीठीय न्यायालयांच्या कक्षेत होते. ही न्यायालये पतिपत्नींना वेगळे राहण्याची मुभा देत, परंतु पुनर्विवाहाची देत नसत. पुनर्विवाह करावयाचा तर संसदेकडून त्या एका जोडप्यापुरता खाजगी अधिनियम संमत करून घ्यावा लागे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५७ पर्यंत असे तीनशेहून अधिक अधिनियम झाले. त्यांपैकी स्त्रियांच्या मागणीवरून झालेले अवघे चार, आणि त्यांतील पहिला १८०१ चा. यासाठी लागणारा खर्च श्रीमंतांनाच परवडणारा होता. डिकन्सच्या ‘हार्ड टाइम्स’ (१८५४) या कादंबरीतील स्टीफन ब्लॅकपूल या कामगाराला घटस्फोटाचा मार्ग विचारल्यावर जे उत्तर मिळते, त्यामागे हीच वस्तुस्थिती आहे.

१८५७ च्या मॅट्रिमोनियल कॉजेस अॅक्टने हा अधिकार धर्मपीठाकडून काढून लंडनमधील एका नव्या दिवाणी न्यायालयाकडे दिला. १ जानेवारी १८५८ पासून ते सुरू झाले. तथापि कायदा समान नव्हता. पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य, दोन वर्षांचा परित्याग, द्विभार्यात्व यांसारखा आणखी एखादा अपराध सिद्ध करावा लागे. ही विषमता १९२३ मध्ये गेली. १९३७ च्या कायद्याने क्रौर्य, परित्याग आणि असाध्य वेड ही स्वतंत्र कारणे मान्य केली. १९६९ च्या सुधारणेने, जी १९७१ पासून अंमलात आली, ‘विवाह पुन्हा सांधता येणार नाही इतका मोडला आहे’ हे एकमेव कारण ठरविले. परंतु ते सिद्ध करण्यासाठी व्यभिचार, असह्य वर्तन, परित्याग, संमतीने दोन वर्षांचा किंवा संमतीवाचून पाच वर्षांचा दुरावा यांपैकी एक गोष्ट दाखवावी लागे.

कौंटी कोर्टाचा प्रवेश यात बराच उशिरा होतो. १८४६ च्या कायद्याने ही न्यायालये स्थापन झाली ती लहानसहान कर्जांच्या दाव्यांसाठी. घटस्फोटाचे काम त्यांच्याकडे आले १९६८ मध्ये. त्यातही ज्या अर्जाला प्रतिपक्षाचा विरोध नाही अशांचाच निकाल तेथे लागे, विरोध झाल्यास प्रकरण उच्च न्यायालयाकडे जाई. १९७७ पासून बिनविरोध प्रकरणांत पक्षकारांनी समक्ष हजर राहण्याचीही गरज उरली नाही. न्यायाधीश कागद पाहून निर्णय देऊ लागले. पुढे २२ एप्रिल २०१४ रोजी सर्व देशासाठी एकच कुटुंब न्यायालय अस्तित्वात आले आणि कौंटी कोर्टाचा घटस्फोटाशी असलेला संबंध संपला. म्हणजेच कौंटी कोर्टाचा घटस्फोट ही १९६८ ते २०१४ या सेहेचाळीस वर्षांतील वस्तू आहे. १९३० च्या सुमारास एखाद्याला कौंटी कोर्टातून घटस्फोट मिळाल्याचे कोणी लिहिले असेल तर ते विधान तपासून घ्यावे.

३

नोंदी शोधणाऱ्याने प्रथम कालखंड निश्चित करावा, कारण दफ्तर त्यानुसार विभागले आहे. १८५८ पूर्वीचे खाजगी अधिनियम संसदेच्या अभिलेखांत, आणि धर्मपीठीय न्यायालयांचे कागद त्या त्या धर्मप्रांताच्या दफ्तरात पाहावयाचे असतात. १८५८ ते १९३७ या काळातील नस्त्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘जे ७७’ या मालिकेत आहेत आणि त्या बहुतांशी टिकल्या आहेत. एका नस्तीत सामान्यतः मूळ अर्ज, विवाहाचा दाखला, शपथपत्रे आणि अखेरचा हुकूमनामा असतो. १९३७ नंतरच्या नस्त्यांपैकी मात्र फार थोड्या राखल्या गेल्या. बाकीच्या नष्ट करण्यात आल्या. या काळासाठी उरतो तो बहुधा केवळ हुकूमनामा.

हा हुकूमनामा दोन टप्प्यांचा असे. पहिला तात्पुरता, ज्याला ‘डिक्री नायसाय’ म्हणत; दुसरा अंतिम, म्हणजे ‘डिक्री अॅब्सोल्यूट’. विवाह संपतो तो दुसऱ्याने. केवळ पहिल्याची नोंद पाहून घटस्फोट झाला असे लिहिणारा चरित्रकार चुकण्याचा संभव असतो, कारण दोहोंच्या दरम्यान पक्षकार परत एकत्र येऊ शकत अथवा त्यांतील एखादा मृत्यू पावू शके. १८५८ पासूनच्या अंतिम हुकूमनाम्यांची सूची लंडनच्या मध्यवर्ती कुटुंब न्यायालयात आहे. ठराविक नमुन्यात अर्ज करून आणि शुल्क भरून तीत दहा-दहा वर्षांच्या टप्प्याने शोध घेता येतो. निकाल देणारे न्यायालय आणि प्रकरणाचा क्रमांक ठाऊक असल्यास थेट त्या न्यायालयाकडेच नक्कल मागता येते. अंतिम हुकूमनाम्याची नक्कल कोणालाही मिळते. नस्तीतील इतर कागद पाहण्यासाठी त्रयस्थाला न्यायालयाची परवानगी लागते.

अमेरिकेत रचना निराळी आहे. तेथे घटस्फोटाचा कायदा घटकराज्यांचा असून नस्ती सर्वसाधारणपणे ज्या कौंटीत निकाल झाला तेथील न्यायालयाच्या लिपिकाकडे असते. म्हणून तेथील शोध कौंटी निश्चित केल्यावाचून सुरूच होत नाही.

४

आज इंग्लंडात घटस्फोटासाठी अर्ज कसा होतो हेही पाहणे आवश्यक आहे. ६ एप्रिल २०२२ पासून २०२० चा नवा कायदा अंमलात आला. त्यामागे एका खटल्याची पार्श्वभूमी होती. २०१८ च्या ‘ओवेन्स विरुद्ध ओवेन्स’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, कायद्याच्या शब्दांपुढे आपला इलाज नाही असे मानून, विवाह मोडलेला असतानाही पत्नीला घटस्फोट नाकारला. पाच वर्षांचा दुरावा पूर्ण होईपर्यंत थांबणे तिला भाग होते.

नव्या कायद्यात दोषारोप नाही. विवाहाला एक वर्ष झाल्यावर पती किंवा पत्नी एकट्याने, अथवा दोघे मिळून, विवाह मोडल्याचे निवेदन करतात; ते निवेदनच पुरावा मानले जाते. अर्जासोबत विवाहाचा मूळ किंवा प्रमाणित दाखला जोडावा लागतो आणि तो इंग्रजीत नसल्यास प्रमाणित अनुवाद द्यावा लागतो. मराठीतून लिहिलेल्या दाखल्यालाही हाच नियम लागू होतो. शुल्क भरण्याची ऐपत नसल्यास सवलत मागता येते. प्रतिपक्षाने चौदा दिवसांत पोच द्यावयाची असते. न्यायालयाचा अधिकार किंवा विवाहाची वैधता अशा मोजक्या मुद्द्यांखेरीज त्याला विरोध करता येत नाही. प्रकरण दाखल झाल्यापासून वीस आठवड्यांनी सशर्त आदेश मागता येतो, आणि तो मिळाल्यावर सहा आठवडे व एक दिवस गेल्यावर अंतिम आदेश. मालमत्ता आणि मुले यांविषयीचे प्रश्न स्वतंत्रपणे सोडवावे लागतात.

५

या कायद्याचा भारताशी संबंध केवळ ऐतिहासिक नाही. १८६९ चा ख्रिस्ती विवाहांसाठीचा भारतीय घटस्फोट कायदा १८५७ च्या इंग्रजी कायद्यावर बेतलेला होता, आणि स्त्रीपुरुषांतील जी विषमता इंग्लंडने १९२३ मध्ये टाकली ती त्यात २००१ च्या दुरुस्तीपर्यंत राहिली. मुंबईतील ‘दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई’ हा दावा १८८४ मध्ये दाखल झाला. वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेची ही मागणी हिंदू धर्मशास्त्रातील नसून इंग्रजी धर्मपीठीय कायद्यातील होती. आणि त्याच १८८४ या वर्षी इंग्लंडात असा हुकूम न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद रद्द झाली. १८८७ मध्ये मुंबईत रखमाबाईंपुढे मात्र पतीकडे जाणे किंवा सहा महिन्यांची कैद असाच पर्याय ठेवण्यात आला. प्रकरण १८८८ मध्ये तडजोडीने मिटले. इंग्लंडने हा दावा १९७० च्या कायद्याने पूर्णपणे काढून टाकला; हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये तो आजही आहे.

दुसरा संबंध व्यवहाराचा आहे. परदेशातील हुकूमनामा भारतात चालेलच असे नाही. ‘वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकटलक्ष्मी’ (१९९१) या प्रकरणात पतीने अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या सेंट लुई कौंटीतील न्यायालयातून घटस्फोट मिळविला होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. विवाह ज्या कायद्याखाली झाला त्यात मान्य असलेल्या कारणावरच परदेशी निकाल आधारलेला असावा, आणि प्रतिपक्षाने त्या न्यायालयाचा अधिकार खऱ्या अर्थाने स्वीकारलेला असावा, अशी दृष्टी त्या निकालात आहे. हुकूमनाम्याची साधी छायाप्रत पुरेशी नाही, रीतसर प्रमाणित नक्कल हवी, हाही मुद्दा तेथे आला. लंडनला घटस्फोटित ठरलेली व्यक्ती पुण्यात विवाहितच ठरण्याची शक्यता यातून उत्पन्न होते, आणि तिचा भार बहुधा मागे राहिलेल्या स्त्रीवर पडतो.

६

आता वाचनाचा प्रश्न. घटस्फोटाचा जुना अर्ज हा सत्यकथनाचा नमुना नव्हे. कायद्याला जी कारणे हवी होती ती पुरविण्यासाठी वकिलाने रचलेली ती कथा असते. १९२३ पूर्वीच्या पत्नींच्या अर्जांत व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य आढळते, ते प्रत्येक वेळी घडले म्हणून आढळते असे नाही, आणि ज्या अर्जात ते नाही तेथे ते घडलेच नाही असेही नाही. कायद्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच तो मजकूर वाचला पाहिजे.

याचे उत्तम उदाहरण नव्या न्यायालयाच्या पहिल्याच वर्षी मिळते. १८५८ मधील रॉबिन्सन खटल्यात पतीने पुरावा म्हणून पत्नीची, इझाबेला रॉबिन्सन हिची, दैनंदिनी सादर केली. तिच्या बाजूने असा युक्तिवाद झाला की हा मजकूर व्याधिग्रस्त मनाने निर्माण केलेली कल्पना आहे. एकच मजकूर कबुलीजबाब की कल्पित, हा वाङ्मयाच्या अभ्यासकाचा प्रश्न तेथे न्यायाधीशांपुढे आला. १८५९ मध्ये पतीचा अर्ज फेटाळला गेला. दैनंदिनीत निःसंदिग्ध कबुली आढळत नाही असे ठरले. मूळ दैनंदिनी आज उपलब्ध नाही. तिचे उतारे वृत्तपत्रांतून आणि न्यायनिर्णयांच्या संग्रहातून आपणापर्यंत आले आहेत. म्हणजे एका स्त्रीचे लेखन टिकले ते तिच्या विरुद्ध वापरले गेले म्हणून.

अशी वृत्ते छापण्यावर १९२६ च्या कायद्याने बंधन घातले. आपल्याकडेही हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ अन्वये अशा खटल्यांची सुनावणी बंद दाराआड होते आणि परवानगीवाचून ती छापता येत नाही. २०२२ नंतरच्या इंग्रजी नस्तीत तर सांगण्यासारखी कथाच उरलेली नाही. नावे, तारखा आणि एक निवेदन एवढेच तीत सापडेल. पुढच्या शतकातील संशोधकाला ती दरिद्री वाटेल. परंतु जी समृद्धी आपण ‘जे ७७’ मध्ये शोधतो ती माणसांना, विशेषतः स्त्रियांना, आपली अप्रतिष्ठा स्वतः लिहून द्यावी लागली म्हणून निर्माण झालेली आहे. ती सक्ती संपल्यामुळे दफ्तराचे जे नुकसान होते ते सोसण्याजोगे आहे. मात्र जे कागद उरले आहेत ते वाचताना, ते कोणत्या सक्तीखाली लिहिले गेले याचे भान ठेवणे हे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.