खडकातला चक्का

उत्तनच्या किनाऱ्यावर उभे राहून पश्चिमेकडे पाहिले, की नुसता समुद्र दिसतो. पण मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर याच समुद्राच्या तळाखाली 'बॉम्बे हाय' आहे. १९७४ मध्ये 'सागर सम्राट'ने विहीर खोदली आणि तेल लागले. जमिनीखाली तेलाचे तळे असते, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते खडकाच्या बारीक छिद्रांत असते आणि बहुतेक वेळा जिथे तयार झाले तिथून सरकत आलेले असते.

श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून वर वजन ठेवले, की पाणी निथळते. गाळाच्या थरांचेही तसेच. वरच्या थरांच्या भाराने खालचे पाणी पिळून निघते. खोलवरच्या उष्णतेने गाळातल्या सेंद्रिय पदार्थांचे तेल आणि वायू होतात. पाण्याहून हलके असल्याने ते वर चढतात आणि अभेद्य थराखाली अडकतात.

आता फडक्याऐवजी प्लास्टिकची पिशवी घ्या. पाण्याला वाटच नाही, मग वजनाचा भार पाण्यावरच येतो. चिकणमातीचे थर भराभर साचले तर हेच होते. घडीच्या पर्वतांजवळ त्यात बाजूच्या रेट्याची भर पडते. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा. हिमालय मात्र भूखंडांच्या टकरीतून उभा राहिला आणि तो रेटा अजून चालू आहे. खडक दुमडतात, भेगा पडतात, त्यांतून तेल-वायू वाट काढतात. हिमाचलातील ज्वालामुखी मंदिराच्या ज्योती अशाच वायूवर जळतात. आसामात दिग्बोईला १८८९ मध्ये तेल लागले, तेही अशाच दुमडलेल्या खडकांत.

हा दाब हाताबाहेर गेला तर काय होते, ते आसामातल्याच बागजानने दाखवले. २७ मे २०२० रोजी तिथल्या विहिरीतून वायू उसळला. ९ जूनला आग लागली, दोन अग्निशमन कर्मचारी दगावले. आग पूर्ण विझायला नोव्हेंबर उजाडला.

म्हणून विहीर खोदताना तिच्यात जड चिखल भरून ठेवतात. तो हलका पडला तर वायू आत शिरतो. फार जड झाला तर खडक फुटून चिखलच गायब होतो. खालचा दाब आधी ओळखणे, हे तेल शोधण्याइतकेच महत्त्वाचे. त्यावर विहिरीवरच्या माणसांचे प्राण अवलंबून असतात.