पतंगावरची वीज आणि आपला घाट

खोपोलीत डोंगराच्या अंगावरून उतरणारे टाटांचे मोठे पाईप आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणापासून पाहिले आहेत. लोणावळ्याकडील धरणांचे पाणी सुमारे ५०० मीटर खाली आणून १९१५ साली तेथे वीज तयार झाली व ती मुंबईच्या गिरण्यांना गेली. १९२२ साली भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. उंची हेच या विजेचे भांडवल.

आता वाऱ्याच्या बाबतीतही शास्त्रज्ञ उंचीचाच विचार करीत आहेत. आम्ही कला शाखेचे पदवीधर, तेव्हा सूत्रे टाळूनच सांगतो.

जमिनीलगत झाडे, घरे, टेकड्या वाऱ्याला अडवतात. वर जावे तसा वारा सहसा जोरदार व एकसारखा होत जातो. त्याचा वेग दुप्पट झाला की शक्ती दुप्पट नव्हे, आठपट होते. आमच्या बँकेचे चक्रवाढ व्याजही इतके मेहेरबान नाही! पण सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठारावर आहेत तशा पवनचक्क्यांचे खांब आणखी उंच करायचे तर लोखंड व काँक्रीटचा खर्च वाढतो. म्हणून खांबच काढून टाकावा, दोर ठेवावा, अशी कल्पना निघाली.

पवनचक्कीच्या पात्याचे टोक सर्वांत वेगाने फिरते व बरेचसे काम तेच करते. पतंग म्हणजे ते टोक, खांबावाचून. तो वाऱ्याला आडवा, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरत दोर खेचतो. संक्रांतीला ढील देताना हातात फिरकी गरगरते, तशी जमिनीवरची मोठी फिरकी फिरते व तिला जोडलेले जनित्र वीज करते. दोर संपत आला की पतंग वाऱ्याला कमी अडेल असा वळवून, थोडी वीज खर्चून, दोर पुन्हा गुंडाळायचा. दुसऱ्या प्रकारात जनित्रे वरच, विमानासारख्या पंखावर असतात आणि वीज दोरातील तारेने खाली येते.

अमेरिकेतील माइल्स लॉइड यांनी हे गणित १९८० साली मांडले. पुढे गूगलच्या मूळ कंपनीच्या छत्राखालील 'मकानी'ने २६ मीटर पंखांचे, ६०० किलोवॅटचे यंत्र बनवून २०१९ साली नॉर्वेजवळच्या समुद्रावर उडवले. २०२० साली ती कंपनी बंद झाली. इतर काही देशांत प्रयत्न चालू आहेत.

आपल्याकडे आषाढातला वारा, विजांचा कडकडाट, वरून मुंबईची विमाने, आणि दोर तुटला तर खाली कोणाचे तरी छप्पर. कर्जत-खालापूरच्या आकाशात असा पतंग लवकर दिसेल, असे आम्हांला वाटत नाही. तथापि वाऱ्याच्या विजेचा आपल्या घाटाशी दुसऱ्या वाटेने संबंध येतो. वारा बेभरवशाचा. वीज जास्त झाली की तिने पाणी वर चढवून ठेवायचे, कमी पडली की ते खाली सोडायचे. भिवपुरीला असा १००० मेगावॅटचा प्रकल्प उभारण्यासाठी टाटा पॉवरने २०२३ साली राज्य सरकारशी करार केला.

आमच्या लहानपणी वाडीवरून विजेच्या मोठ्या तारा जात आणि खाली आम्ही चिमणीच्या उजेडात अभ्यास करीत असू. तारा इतक्या जवळ, मग दिवा का नाही, हे तेव्हा कळत नसे. त्या तारांतील प्रचंड दाब उतरवल्याशिवाय वीज घरात घेता येत नाही. त्यासाठी उपकेंद्र लागते, रोहित्र लागते, आणि ते आमच्यासाठी कोणी बसवले नव्हते. कराराची बातमी आली तेव्हा मेगावॅटचे आकडे वाचण्याआधी आम्ही उपकेंद्र कोठे होणार, हेच शोधत होतो.