पडण्याची विद्या

प्रतिस्पर्ध्यास कसें पाडावें हें शिकण्याच्या उमेदीनें ज्यूदोच्या शाळेंत गेलेल्या विद्यार्थ्यास प्रथम शिकवितात तें स्वतः पडावयास! इजा न होतां पडतां येऊं लागलें, कीं भय जातें; आणि भय गेलें, कीं आडदांडपणाहि ओसरतो. १८८२ सालीं टोकिओंतील एका मंदिरांत, अवघ्या बारा चटयांच्या जागेंत, जिगोरो कानो यांनीं ‘कोदोकान’ ही शाळा काढली. जुन्या ‘जुजुत्सु’ या नांवांतील ‘जुत्सु’ म्हणजे कसब. त्याऐवजीं त्यांनीं ‘दो’ म्हणजे मार्ग हा शब्द योजिला. शक्तीचा सुयोग्य विनियोग आणि परस्परांचें कल्याण, हीं त्यांनीं पुढें सांगितलेलीं दोन सूत्रें. झुंजीच्या आरंभीं व अखेरीस दोघेहि एकमेकांस वांकून नमस्कार करितात. ज्याच्यावांचून आपला अभ्यासच होऊं शकत नाहीं, त्यास शत्रु कसें म्हणावें?